पहिलं क्लिपलेस पेडल निवडताना: सोलापूरच्या नव्या सायकलस्वारांसाठी

तुळजापूरला निघाले होते. हिप्परग्याचा तलाव मागे पडला, घाट अजून लांब होता, म्हणून चहाला एका हॉटेलसमोर थांबले. फरशी शहाबादी, नुकतीच धुतलेली. दुसऱ्याच पावलाला डावा पाय सटकला आणि मी कोपरावर आपटले. सायकलवर काहीच झालं नव्हतं. बुटाच्या तळाला असलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या क्लीटमुळे चालताना पडले होते. कोपर महिनाभर दुखत होतं. पेडल घेताना मी सायकल चालवण्याचा सगळा विचार केला होता, खाली उतरल्यावर पाय कुठे पडणार याचा मात्र केलाच नव्हता.

त्यानंतर पेडल बदललं, बूट बदलले, गुडघेदुखी झाली आणि गेली, एकदा क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटेही गेले. या सगळ्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच घेणार असाल तर पैसे देण्याआधी निदान तिसरी पायरी नक्की वाचा.

१. आधी नावाचा घोळ सोडवू

बूट पेडलला ‘क्लिप’ होतो आणि तरी त्याला क्लिपलेस म्हणतात, यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर पुढच्या बाजूला पिंजरा आणि पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला, म्हणून ‘क्लिपलेस’. लुक या फ्रेंच कंपनीने स्कीइंगच्या बुटांची पकड पाहून १९८४ मध्ये असं पेडल बाजारात आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. शिमानो या जपानी कंपनीचं एसपीडी पेडल १९९० मध्ये आलं.

यात भाग तीन: पेडल, बूट आणि बुटाच्या तळाला बोल्टने बसणारी क्लीट. तिन्ही एकमेकांना जुळायला हवेत. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

२. तुम्हाला ते खरंच हवं आहे का?

सात रस्ता ते नवी पेठ, ऑफिस आणि भाजी एवढीच सायकल असेल तर साधं पेडल ठेवा. दर पन्नास मीटरला थांबायचं असेल तर पाय अडकवून फायदा नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा ३० किलोमीटरच्या पुढे जात असाल, तर फरक जाणवतो. ‘पाय वर ओढता येतो म्हणून ताकद खूप वाढते’ असं पुष्कळ जण सांगतात, त्यावर फार भरवसा ठेवू नका. खरा फायदा असा, की पाय रोज त्याच जागी राहतो. खडबडीत रस्त्यावर उडत नाही, घाटात उभं राहून चालवताना सटकत नाही, आणि पाय भरभर फिरवताना लक्ष पेडलवर ठेवावं लागत नाही. अक्कलकोट रोडला समोरून वारा असला की ही निश्चिंती फार मोलाची वाटते.

३. दोन बोल्ट की तीन बोल्ट?

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. दुकानात कंपनी आणि वजनाबद्दल बोलतील. तुम्ही आधी बोल्ट विचारा.

तीन बोल्टची क्लीट म्हणजे मोठी, त्रिकोणी, प्लास्टिकची. शिमानोचं एसपीडी-एसएल आणि लुकचं केओ या गटातले. क्लीट रुंद असल्याने जोर मोठ्या भागावर पसरतो आणि पाय घट्ट, स्थिर वाटतो. पेडल हलकं असतं: शिमानोच्या ‘१०५’ मालिकेतल्या आर७००० पेडलची जोडी २६५ ग्रॅमची आहे. पण ते एकाच बाजूने अडकतं, आणि क्लीट बुटाच्या तळाखाली बाहेर आलेली असते. चालताना टाचेवर तोल सांभाळावा लागतो. शहाबादी फरशी, ओली पायरी, पेट्रोल पंपावरचं सांडलेलं तेल, सगळीकडे घसरतं. शिवाय प्रत्येक पावलाला क्लीट झिजते.

दोन बोल्टची क्लीट म्हणजे लहान आणि पोलादी. शिमानोचं एसपीडी हे यातलं सगळ्यांत प्रचलित. बुटाच्या तळात खोबण असते आणि क्लीट त्या खोबणीत बसते, त्यामुळे चालताना रबर जमिनीला टेकतं. पेडल बहुधा दोन्ही बाजूंनी अडकतं, खाली बघावं लागत नाही. एम५२० हे साधं, टिकाऊ पेडल याच गटातलं, जोडी ३८० ग्रॅमची. त्या आर७००० पेक्षा ११५ ग्रॅम जास्त. एक घोट पाणी प्यायलात की बाटली तेवढी हलकी होते.

‘रोड बाइकला एमटीबीचं (माउंटन बाइकचं) पेडल शोभत नाही’ हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं आणि मी त्याला बळी पडले. आपल्याकडची राइड कशी असते ते आठवून बघा. तुळजापूरला साधारण ४५ किलोमीटर जायचं, सायकल लावायची आणि मंदिरापर्यंत गर्दीतून चालायचं. पंढरपूरला आषाढीआधी सायकलवर जाणारे तर वाटेत दहा ठिकाणी उतरतात. नान्नजकडे गेलात आणि कडेच्या मातीत पंक्चर काढायला बसलात की काळी माती बुटाला चिकटते, आणि प्लास्टिकच्या मोठ्या क्लीटमध्ये ती गच्च बसली की पेडल पकडच घेत नाही. पावसाळ्यात मी अशी अर्धा तास काडीने माती उकरत बसले आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सोलापुरात पहिलं पेडल घेणाऱ्याने दोन बोल्टचं एसपीडी घ्यावं. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची मनात असेल तरी हेच. तिथे साडेतेरा तासांची मुदत असते आणि कंट्रोलवर (वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी), हॉटेलात, टपरीवर सतत चालावं लागतं. पुढे शर्यतीत उतरलात, किंवा न थांबता जोरात पळणाऱ्या गटाबरोबर जायला लागलात, तर तीन बोल्टकडे वळा. तेव्हा ते पेडल तुम्हाला खरोखर आवडेल.

शहरातही तीच सायकल वापरायची असेल तर मधला मार्ग आहे: एका बाजूला एसपीडी, दुसऱ्या बाजूला सपाट. शिमानोचं ईएच५०० असंच आहे. विजापूर वेशीच्या गर्दीत चपलेवरही चालवता येतं. हव्या त्या बाजूसाठी पेडल उलटवावं लागतं, एवढीच अडचण.

४. पेडलआधी बूट

पेडल चुकलं तर विकता येतं, चुकीचा बूट मात्र पाय खातो. दोन्हींत पैसे वाटायचे असतील तर जास्त पैसे बुटाला ठेवा.

बूट संध्याकाळी घालून बघा. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापतं, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि उन्हात पाय सुजतात. सकाळी नेमका बसलेला बूट अकरा वाजता चावायला लागतो. सायकलिंगचे मोजे घालूनच बघा. टाच उचलता कामा नये आणि पुढे बोटं हलली पाहिजेत. चवडा रुंद असेल तर रुंद मापाचा जोड मागा. काही कंपन्या, त्यांत शिमानोही, काही बूट रुंद मापात काढतात. लांबीला मोठा नंबर घेऊन रुंदीची सोय करू नका, त्याने क्लीटची जागाच चुकते.

माझा पाय ३८ नंबरचा. दोन दुकानांत ४० च्या खालचा जोड मिळालाच नाही. ‘मोजे जाड घाला’ असा सल्ला मिळाला. घेतले असते तर रडले असते. बायकांनी आणि लहान पायाच्या मुलांनी घाई करू नये. पायाची लांबी भिंतीला टाच लावून सेंटिमीटरमध्ये मोजा, कंपनीचा तक्ता बघा आणि मागवून घ्या, पण परत करण्याची सोय आहे याची खात्री करूनच.

तळ फार कडक कार्बनचा नको. नायलॉनचा मध्यम कडक तळ नवशिक्याला पुरतो, चालायलाही बरा पडतो. वर जाळी भरपूर असू द्या. तळाला दोन बोल्टची भोकं आहेत की तीनची, हे उलटं करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही बुटांना दोन्ही असतात.

५. दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी

पहिली, क्लीट डब्यात आहे का आणि कोणती आहे. एसपीडीच्या दोन क्लीट नेहमी भेटतात. एसएच५१ काळी असते आणि टाच बाजूला वळवली तरच सुटते. एसएच५६ चंदेरी असते आणि पाय तिरका वर ओढला तरी सुटते. घाबरल्यावर माणूस पाय वरच ओढतो, म्हणून सुरुवातीला ५६ बरी. पेडलबरोबर बहुधा ५१ येते, ५६ वेगळी मागावी लागते.

दुसरी, तीन बोल्ट घेत असाल तर रंग नीट समजून घ्या. क्लीट अडकलेली असतानाही टाच थोडी डावी-उजवी हलते, त्या मोकळिकीला फ्लोट म्हणतात. शिमानोत पिवळी ६ अंश, निळी २ अंश, लाल शून्य. लुक केओत लाल ९ अंश, राखाडी ४.५, काळी शून्य. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात मोकळी आणि दुसरीची लाल अजिबात न हलणारी! नवख्याने शिमानोची पिवळी किंवा लुकची राखाडी घ्यावी. शून्य अंशाची कुणी कितीही भलामण केली तरी घेऊ नका, गुडघा त्याची किंमत वसूल करतो.

तिसरी, एसपीडी-एसएल आणि केओ दिसायला सारखे आहेत, बुटाची भोकंही तीच, तरी एकाची क्लीट दुसऱ्याच्या पेडलला चालत नाही. लुकचं जुनं डेल्टा आणि नवं केओ हेही एकमेकांना चालत नाहीत. ‘बसतंय बघा’ असं म्हणून कुणी दाबून दाखवलं तरी नाही म्हणा. अर्धवट पकडलेली क्लीट भर उतारावर सुटते.

६. हाताशी काय लागेल

– १५ मिलिमीटरचा चपटा पाना, किंवा पेडलच्या अक्षाला मागून खाच असेल तर ६ किंवा ८ ची ॲलन की
– क्लीटच्या बोल्टसाठी ४ ची ॲलन की, आणि पेडलमध्ये क्लीट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगसाठी त्याहून बारीक एक (एसपीडीला ३ ची लागते)
– ग्रीस
– मार्कर पेन आणि कागदी चिकटपट्टी
– पुसायला जुना सोलापुरी टॉवेल
– पेडलचं बिल आणि डबा, कारण वॉरंटीला आणि क्लीटचा नंबर सांगायला दोन्ही लागतात

किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्कचा पाना असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्यांदा असलेल्याकडे जा.

७. पेडल बसवणं: उलटे आटे

उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. अक्षावर आर आणि एल कोरलेलं असतं, ते वाचा. माझ्या सायकलवर एका कारागिराने घाईत डाव्या बाजूला उजवं पेडल जोर लावून फिरवलं. क्रँकचे आटे गेले आणि क्रँक बदलावी लागली. त्यानंतर मी हे काम स्वतःच करते.

लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूला धरा आणि पुढच्या चाकाकडे ढकला, घट्ट होतं. मागच्या चाकाकडे ढकला, सैल होतं. दोन्ही बाजूंना हाच नियम. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच द्या. हाताने फिरत नसेल तर तिरकं बसतंय, काढून पुन्हा लावा. शेवटी चांगलं घट्ट करा. शिमानो ३५ ते ५५ न्यूटन-मीटर सांगते. ग्रीस न लावता बसवलेलं पेडल वर्षभराने निघता निघत नाही. ‘अण्णा, जरा पाइप द्या पान्याला’ म्हणत दुकान गाठावं लागतं.

८. क्लीट बसवणं: इथे घाई नको

याला एक अख्खी संध्याकाळ द्या. माझी गुडघेदुखी या पायरीला दहा मिनिटांत उरकल्यामुळे झाली.

बूट घाला. अंगठ्यामागचं फुगीर हाड वरून चाचपा आणि बुटाच्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा. मग करंगळीमागचं हाड शोधा, दुसऱ्या बाजूला तशीच खूण. पेडलचा अक्ष या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. शंका वाटली तर क्लीट किंचित मागे, टाचेकडे घ्या. फार पुढे गेली तर पोटरी भरून येते आणि बोटं बधिर होतात.

आता कोन. उंच टेबलावर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि चवड्यांची दिशा बघा. बहुतेकांचे पाय थोडे बाहेर वळलेले असतात, कुणाचा एकच पाय जास्त. पेडलमध्ये अडकल्यावर पाय त्याच दिशेला राहील अशी क्लीट बसवा. दोन्ही बूट आरशातल्यासारखे एकसारखे दिसावेत हा हट्ट मी धरला होता. माझा उजवा पाय मुळात बाहेर वळतो. सरळ बसवलेल्या क्लीटमुळे तो रोज आत दाबला जात होता आणि गुडघ्याची आतली बाजू सहा आठवडे दुखली. क्लीट थोडी फिरवली आणि दुखणं हळूहळू थांबलं.

बोल्टला कणभर ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. मग क्लीटभोवती मार्करने रेघ मारून ठेवा. पुढे काही बदलायचं झालं तर ही रेघच तुमचा नकाशा. एका वेळी एकच बदल करा, तोही मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, आणि दोन-तीन राइड झाल्यावर ठरवा.

नवा बूट आणि पेडल मिळून तुमची उंची काही मिलिमीटर बदलते, म्हणून सीट पुन्हा तपासा. गुडघा पुढून दुखत असेल तर क्लीटला दोष देण्याआधी सीट खाली तर नाही ना ते बघा. विश्रांतीनंतरही दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायला अजिबात विसरू नका. सैल बोल्टचा धोका असा, की तुम्ही टाच वळवता, बूट वळतो, पण क्लीट पेडलमध्ये जागची हलत नाही. मग पाय सुटतच नाही.

९. स्प्रिंग सैल ठेवा

पेडलमधली स्प्रिंग सैल-घट्ट करायच्या स्क्रूवर अधिक-उणेची खूण असते. उण्याकडे, शेवटपर्यंत. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलला प्रत्येकी दोन स्क्रू असतात, म्हणजे एकूण चार. चारही सारखे फिरवा, ‘टिक’ मोजून. एक बाजू विसरली तर कधी पाय सहज सुटतो, कधी नाही, आणि कारण कळत नाही. महिन्याभराने उभं राहून चालवताना पाय आपोआप सुटू लागला तरच एक-दोन टिक घट्ट करा.

१०. रस्त्यावर जाण्याआधी सराव

पहिला दिवस भिंतीपाशी. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पेडल खालच्या टोकाला आणा, क्लीटचं पुढचं टोक आधी घाला, मग चवडा दाबा. ‘खट्’ आवाज येतो. सोडताना टाच बाहेर, सायकलपासून लांब. पाय वर ओढायचा नाही. एकेका पायाने तीस वेळा, मग डोळे समोर ठेवून तीस वेळा.

दुसरा दिवस मोकळ्या जागेत. होम मैदानासारखी जागा सकाळी सहाला बरी, अर्थात जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा दुसरीकडे जा. वीस मीटरवर दगड ठेवा आणि तिथे थांबायचं ठरवून आधीच पाय सोडा. हेच पुन्हा पुन्हा करा. जड गिअरवर थांबलात तर पुन्हा निघताना अडाल, म्हणून थांबण्याआधी गिअर हलका करा.

आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावा पाय कडेला टेकायची सवय लावा. डावा सोडला की अंगाचा भारही डावीकडेच जाऊ द्या. डावा सोडून उजवीकडे कललात तर पडणारच, आणि उजवीकडे वाहनं असतात. अशी पडझड जवळजवळ थांबलेल्या सायकलवरच होते. पडताय असं वाटलं तर हँडल धरून ठेवा, तळहात जमिनीला टेकवायला जाऊ नका. मनगट किंवा गळपट्टीचं हाड तसंच मोडतं.

पुढचे दोन आठवडे सिग्नल, गतिरोधक, वळण, कुत्रा, शाळा सुटलेली, काहीही दिसलं की आधी एक पाय सोडायचा. होटगी रोडला किंवा मोहोळकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्यामागे जाताना पाय सुटाच ठेवा. त्या सूचना न देता वळतात, रस्त्यावर ऊस सांडलेला असतो, आणि ट्रॉलीच्या आडून पुढचं काही दिसत नाही.

११. पुढची देखभाल

राइडहून आल्यावर जुन्या टूथब्रशने क्लीट आणि पेडलची स्प्रिंग झाडा. ओलं तेल भरपूर ओतू नका, आपल्या धुळीत त्याचा लगदा होतो. साखळीचं कोरडं वंगण एक थेंब पुरतं, तेही पुसून. तीन बोल्टची क्लीट असेल तर खिशात रबरी टोप्या ठेवा आणि उतरलात की आधी त्या चढवा, चहा मग. क्लीटच्या कोपऱ्यांवरचे रंगीत भाग झिजले की ती बदला. पोलादी क्लीट खूप जास्त टिकते, पण पाय सोडताना कधी लवकर, कधी उशिरा असं होऊ लागलं तर तिचीही वेळ झाली समजा. दोन्ही बुटांची एकदमच बदला, आणि जुनी काढण्याआधी भोवतीची मार्करची रेघ पुसट झाली असेल तर पुन्हा गडद करून घ्या. सीटखालच्या पिशवीत क्लीटचा एक जादा बोल्ट आणि ४ ची ॲलन की कायम असू द्या. माझा बोल्ट बोरामणीच्या अलीकडे पडला होता आणि तिथून घरापर्यंत मी एका पायावर जोर देत आले.